मुरुडकर सरांच्या गाडीचे टायर

‘‘रशीदभाई, व्यास चार सेंटिमीटरनं वाढला, म्हणजे गाडी किती उचलली जाईल?’’ सर खडू माझ्यासमोर धरून विचारत होते. खडू त्यांच्या खिशातला होता, फळा म्हणून माझ्या दुकानाचं शटर होतं.

‘‘दोन,’’ मी म्हटलं.

‘‘शाबास. मग अडचण काय आहे?’’

पंचवीस वर्षं टायरच्या धंद्यात काढलेल्या माणसाला आपल्याच दुकानात उभं राहून शाबासकी मिळाली की काय वाटतं, ते सांगून कळायचं नाही. त्या आठवड्यात सरांची ही तिसरी खेप होती.

मुरुडकर सर लातुरात फिजिक्स शिकवायचे. भूकंपानंतरच्या काही वर्षांत आमच्या गावाला क्लासचं वेड लागलं. गल्लोगल्ली बोर्ड लागले, बाहेरगावची पोरं खोल्या करून राहू लागली आणि चांगल्या सरांना तहसीलदारापेक्षा जास्त मान मिळू लागला. मुरुडकर सर चांगलेच होते. त्यात माझी मुलगी नसरीन त्यांच्याच बॅचला होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं. तेव्हा सर आले की मी स्टूल पुसून द्यायचो आणि वाद घालताना आवाज खाली ठेवायचो. पुढचा सगळा घोळ या खालच्या आवाजानं झाला.

आता गाडी. ती भूकंपाच्या वर्षी एका परदेशी संस्थेच्या डॉक्टरांबरोबर किल्लारीकडे आली होती. आत झोपायला दोन फळ्या, हात धुवायचं बेसिन, गॅसची शेगडी, कपाट आणि खाली पाण्याची टाकी. डॉक्टर तीच गाडी शिवारात उभी करून महिनोन्‌महिने तिच्यात राहिले. काम संपल्यावर ते गेले, गाडी राहिली. पुढं तिचा लिलाव झाला तेव्हा सरांनी ती घेतली. लोक तिला चालतं घर म्हणायचे. दर आठवड्याला सर ती घेऊन जळकोटला जात, दोन रात्री तिच्यातच मुक्काम करत आणि तिथल्या मुलींना शिकवत. ज्या बापांना मुली लातूरला खोली करून ठेवायच्या नव्हत्या, त्यांच्यासाठी ही सोय होती. माणूस मनानं मोठा होता, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल बरंच बोलणार आहे.

गाडीचे टायर संपले होते. नक्षी गेलेली होतीच, पण बाजूला रबराला भेगा पडल्या होत्या, आणि ते जास्त वाईट. नक्षी गेली तर गाडी घसरते. बाजू फाटली तर टायर फुटतो, आणि पुढचा फुटला तर स्टेअरिंग हातात राहत नाही. मी सरांना सांगितलं, या टायरांवर गाडी घरी नेऊन लावा आणि हलवू नका.

मूळ मापाचा टायर आपल्याकडे येतच नव्हता. टायरच्या बाजूवर आकडे लिहिलेले असतात. पहिला रुंदीचा, दुसरा उंचीचा, तिसरा रिमचा, म्हणजे ज्या लोखंडी चाकावर टायर बसतो त्याचा. त्यापुढं एक आकडा असतो तो वजनाचा, एक टायर किती भार सोसेल त्याचा. तो कोणी वाचत नाही. नांदेडच्या एका दुकानदाराशी मी फोनवर बोललो. मूळ मापापेक्षा एकच नंबर मोठा, भार बरोबर सोसणारा टायर तो हैदराबादहून मागवून देणार होता. आठ-दहा दिवस लागणार होते.

सरांना आठ-दहा दिवस नव्हते. रविवारी डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा होती. आमच्याकडच्या काही मुलींना केंद्र नांदेडला आलं होतं. नसरीन त्यांतलीच. सर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, सहा मुलींना या गाडीतून शनिवारी घेऊन जाणार, रात्री मुली बाईंबरोबर गाडीतच झोपणार आणि सकाळी केंद्रावर, असं ठरलं होतं. गाडीच्या दाराला आतून कडी होती, म्हणून तर जळकोटचे बाप तयार झाले होते.

माझ्याकडे त्या रिमवर बसणारा जीपचा टायर होता. तीन नंबर मोठा. सरांनी तो पाहिला आणि त्यांचं मन त्याच्यावर बसलं. जळकोटच्या रस्त्यावर पाण्याच्या टाकीचा नळ खाली घासायचा, तोही प्रश्न सुटणार होता.

‘‘सर, मडगार्डला लागेल,’’ मी म्हटलं.

‘‘लागेल की लागतो? अंदाज नको, प्रयोग करू.’’

प्रयोग केला. शुक्रवारी दुपारी चारही टायर चढवले. सरांनी स्टेअरिंग आधी डावीकडं पूर्ण काटलं, मग उजवीकडं. मी टायर आणि मडगार्डच्या मध्ये हात घातला. दोन बोटं आरामात जात होती. सरांनी शटरवर आणखी काहीतरी मांडलं, मीटर आता वेग थोडा कमी दाखवेल तो किती, हेही मला समजावून सांगितलं. तेही बरोबर होतं. त्या माणसाचं गणित चुकत नव्हतं, हीच तर कटकट होती.

मला आतून पटत नव्हतं. एकदा म्हटलं, ‘‘सर, भरल्या गाडीचं वेगळं असतं.’’ ते म्हणाले, ‘‘भाई, दारातल्या कंपनीच्या पट्टीवर गाडीचं वजन लिहिलंय, ते धरूनच काढलंय.’’ मी गप्प बसलो. नसरीनचे सर होते.

शनिवारी सकाळी नऊला गाडी हवा तपासायला आणि नसरीनला घ्यायला दुकानावर आली. रस्ता सोडून माझ्याकडं वळताना एक उंचवटा लागतो. गाडी त्यावरून उतरली आणि खर्रकन आवाज आला. मी हातातलं सोडून पळालो. मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर काळा पट्टा उमटला होता. काल दोन बोटं जात होती, तिथं आज पोस्टकार्ड गेलं नसतं.

‘‘सर, आत काय भरलंय?’’

‘‘काही नाही. मुली, अंथरुणं आणि शेवटच्या उजळणीच्या नोट्स.’’

मागचं दार उघडलं. नोट्सचे गठ्ठे खालपासून छतापर्यंत रचलेले होते. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, शिवाय गेल्या कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका. सुतळीनं बांधलेले. पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली.

‘‘हे वजन गणितात धरलं होतं का?’’

सरांनी एका गठ्ठ्यावर हात ठेवला. ‘‘कागदाचं काय वजन असतं?’’

मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. शेजारच्या आडतीवरच्या काट्यावर दोन गठ्ठे टाकले आणि बाकीचे मोजले. पावणेतीन क्विंटल. म्हणजे गाडीत चार धडधाकट माणसं आडवी रचून ठेवली होती आणि सरांना ती दिसली नव्हती. भार पडला की पाटे बसतात. पाटे म्हणजे चाकावरच्या पोलादी पट्ट्या, त्यांच्यावर गाडी पेललेली असते. पाटे बसले की मडगार्ड टायरवर उतरतं. पट्टीवर लिहिलेलं वजन रिकाम्या गाडीचं होतं. आणि काल मी हात घालून पाहिलं तेही रिकाम्याच गाडीचं. सरांना काय दोष देऊ? जीपमध्ये अठरा माणसं बसलेली रोज पाहणारा मी.

गठ्ठे उतरवले. टाकी सोडली. मुली अजून आतच होत्या, नसरीनही जाऊन बसली होती. पुढचं चाक गटाराच्या काठावर उतरवून पाहिलं. तरी लागत होतं, कमी, पण लागत होतं.

‘‘हळू नेतो,’’ सर म्हणाले.

‘‘नाही.’’

‘‘सरळ रस्त्याला लागणार नाही, तुम्हीच बघा.’’

‘‘सरळ रस्त्याला नाही लागणार. वळणावर खड्डा आला की लागेल. पत्र्याची कड टायरची बाजू कापत राहील. वाटेतल्या लोहा गावापर्यंत काही कळायचं नाही, आणि कळेल तेव्हा पुढचा टायर गेलेला असेल.’’

‘‘भाई, हे मला काल का सांगितलं नाहीत?’’

‘‘सांगितलं होतं.’’

‘‘जोर देऊन नाही सांगितलंत.’’

ते खरंच होतं. राग मात्र फार आला, त्यांचा नव्हे. मी गाडीचं दार उघडून नसरीनला खाली यायला सांगितलं. मग बाकीच्या पाच मुली उतरल्या. त्यांच्यातल्या एकीचे वडील व्यंकटराव जळकोटहून मुलीला निरोप द्यायला आले होते. ते पुढं आले.

‘‘काय झालं म्हणावं? गाडी जात न्हाई का?’’

‘‘गाडी जाणार नाही. एस.टी.नं जायचं.’’

‘‘येष्टीनं न्हाई. सरांची गाडी हाय म्हणून मी हाव म्हणलो. नांदेडात रात्री पोरी राहतील कुठं? मी पोरीला घेऊन चाललो घरी.’’

ती मुलगी मुक्यानं रडायला लागली. दोन वर्षं जळकोटला राहून शिकत होती ती. सर शटरजवळ उभे राहून खडू बोटांत फिरवत होते. तेवढ्यात सरांच्या बाई पिशवी खांद्याला लावून व्यंकटरावांसमोर आल्या. त्या जिल्हा परिषदेच्या कन्याशाळेत शिकवायच्या.

‘‘व्यंकटराव, नांदेडला माझी बहीण आहे. मुली तिच्याकडे झोपतील, मी दाराशी झोपेन. तुम्हाला विश्वास नसेल तर तुम्हीही चला. पण पोरीला परत नेलंत तर पुढच्या वर्षी मी जळकोटला यायची नाही, आणि सरांनाही येऊ देणार नाही.’’

व्यंकटरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. ‘‘मंग मी बी येतो.’’

‘‘मीही येतो,’’ मी म्हटलं आणि दुकान बंद केलं.

अकराची एस.टी. मिळाली. मुलींनी एकेक वही घेतली. सर गाडीपाशीच राहिले, कारण गाडी आणि नोट्स दोन्ही सोडवेनात. एस.टी.त आधी अहमदपूरपर्यंत उभं राहावं लागलं. नंतर मला नसरीनच्या शेजारी जागा मिळाली. ती वही उघडून बसली होती, पण पान उलटत नव्हती. आम्ही घरी दखनी बोलतो. तिनं खिडकीबाहेर बघतच विचारलं, ‘‘अब्बा, तुमको कल मालूम था ना?’’

‘‘हाव.’’

‘‘फिर मेरेकू बिठा रहे थे गाडी में?’’

मी ‘तेरे सर हैं’ असं काहीतरी पुटपुटलो. तिनं वहीत डोकं घातलं. ते नांदेड आल्यावरच वर काढलं.

परीक्षा झाली. सहाही मुली वेळेवर केंद्रावर होत्या. दोघींना डॉक्टरकी मिळाली, त्यात नसरीन नव्हती. ती फार्मसीला गेली, आज तिचं स्वतःचं दुकान आहे. व्यंकटरावांची मुलगी सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे.

नोट्सचे गठ्ठे आठवडाभर माझ्या दुकानात पडून होते, गिऱ्हाइकं त्यांच्यावर बसून चहा प्यायची. मोठे टायर मी उतरवून परत घेतले. मग नांदेडच्या दुकानदाराकडून एक नंबर मोठे, भार सोसणारे टायर आले, ते चढवले. सरांना मी निरोप पाठवला, गाडी भरून आणा, पाण्यासकट. त्यांनी आणली. मी गाडी गटाराच्या काठावर उतरवली, स्टेअरिंग दोन्हीकडं काटायला लावलं आणि तीन वेळा हात घालून पाहिला. सरांनी या वेळी खडू खिशातच ठेवला. टाकीचा तो नळ मात्र जळकोटच्या रस्त्याला पुढंही घासतच राहिला.

लोक मला विचारतात, मोठा टायर घालावा का. एक नंबर चालतो, त्यापुढं भरल्या गाडीवर हात घालून बघावं. भार सोसण्याचा आकडा वाचावा. एवढंच शास्त्र आहे, दहा मिनिटांत शिकवता येतं. माझ्याकडं ते सगळं होतं, त्या शुक्रवारी दुपारीसुद्धा. आता गिऱ्हाईक कितीही मानाचं असो, टायर काढण्याआधी मी विचारतो, गाडीत कोण बसणार आहे. काहींना राग येतो, एक-दोघं उठून दुसऱ्या दुकानात गेले. जाऊ देत.