दोन गण कमी

माझा मुलगा मालवाहू जहाजावर इंजिनियर आहे. परवा त्याचं जहाज क्षेपणास्त्रं पडतात त्या समुद्रात शिरलं आणि त्याचा फोन लागेनासा झाला. मुलुंडच्या आमच्या घरात तेव्हापासून कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. सून फोन हातात धरून बाल्कनीत उभी. आणि नातीला कॉलेजात नेमकी युद्धकविताच आलेली: रचना आणि वृत्त उलगडून दाखवा.

"आजी, नाही होणार गं माझ्याने."

"बस इथे. बोटांवर मोज."

तिने चाल लावली. मी थांबवलं. चालीत काहीही खपून जातं, गण सुटे म्हणायचे. तीन अक्षरांचा एक गण, आधी लघु मग दोन गुरू, असं ओळीत चारदा. भुजंगप्रयात. फौजेची पावलं पडावीत तसं. ती मोजत गेली आणि शेवटच्या कडव्यात अडली.

"'उभी माय दारी'... पुढे काहीच नाही. दोन गण कमी आहेत. छापताना राहिले का?"

शाळेत मलाही तसंच वाटलं होतं. घाटकोपरला पाठांतर स्पर्धेत मी हीच कविता म्हटली. दोन वेण्या, छाती पुढे, आवाज असा की पुढच्या रांगेतली पोरं दचकली. ही ओळ आली तशी मूठ उगारून पदरचं ठोकून दिलं, "पुढे व्हा, पुढे व्हा!" वृत्तात अगदी चपखल! पहिला नंबर आला. दारातल्या त्या बाईने पुढे होऊन जायचं कुठे, हे मला सुचलं नाही आणि परीक्षकांनाही नाही. युद्ध म्हणजे ब्लॅकआउटसाठी खिडकीला लावलेला काळा कागद, एवढीच तेव्हा माझी अक्कल.

हे ऐकून नात फिसकन हसली. "मग तिथे म्हणायचं काय?"

"काही नाही. तेवढा वेळ थांबायचं."

तिने ओळ म्हटली आणि गप्प राहून मांडीवर बोटं टेकवत गेली. मी बाल्कनीकडे बघायचं टाळलं.

फोन वाजला. सून आत आली. "आई, कंपनीचा नंबर आहे." तिला उचलवेना. नातीने स्पीकर लावला.

"मॅडम, ऑफिसातून बोलतोय. तुमच्या मिस्टरांच्या जहाजाबद्दल माहिती द्यायची होती. एक मिनिट होल्ड करा हं."

संगीत सुरू झालं. नातीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"हां मॅडम. जहाज त्या पट्ट्यातून बाहेर पडलंय. सगळे सुखरूप आहेत."

सून होती तिथेच फरशीवर बसली आणि ओरडली, "अहो, मग सुखरूप आधी म्हणायचं ना!"