उरलेले दोनशे लेख

कचेरीत त्याला सगळे शंकासुर म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ते ठाऊक होतं, आणि हे नाव मुळात कोणी पाडलं याचा तपास तो तीन वर्षं करत होता. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढायचा, जिना उतरायचा आणि चौथ्यांदा ओढायला पुन्हा वर जायचा. शेजाऱ्याने सहज "कसं काय?" विचारलं, तर याचं संध्याकाळपर्यंत सुरू, "असं का विचारलं असेल त्याने?" बायको म्हणायची, "अहो, एक दिवस आरशातल्या माणसाला दरडावाल, कोण रे तू म्हणून!"

पण कामाला वाघ होता हो, खोटं कशाला बोला. एका जुन्या मासिकाचे चाळीस वर्षांचे लेख वेबसाइटवर चढवायचे होते, आणि त्यासाठीचा प्रोग्राम त्याने एकट्याने लिहिला होता. दर सोमवारी चारशे लेख 'बाकी' नावाच्या यादीत टाकायचे आणि बटण दाबायचं. मग प्रोग्राम पन्नास-पन्नासचे गठ्ठे उचलून वेबसाइटवर चढवायचा, आणि चढलेले लेख यादीतून जायचे. चाळीस लेख घेऊन त्याने तो दहादा चालवून पाहिला होता. दहाही वेळा यादी चकाचक रिकामी.

बटण दाबायचं काम ताईंकडे होतं. ताई इथे बावीस वर्षं टायपिस्ट होत्या. टायपिंगचं काम संपलं तेव्हा संपादकबाईंनी त्यांना या कामावर घेतलं. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीच्या पगारावर. पहिल्याच सोमवारी त्या याच्या टेबलाशी आल्या. "अहो, निम्मेच लेख चढलेत. दोनशे तसेच आहेत."

"प्रोग्राम बरोबर आहे," हा मान वर न करता म्हणाला. "बटण नीट दाबत जा." त्या आपल्या जागेवर परत गेल्या.

झालं, किडा वळवळायला लागला. पुढच्या सोमवारी त्याने स्वतः यादी उघडली, तर खरंच दोनशे शिल्लक! प्रोग्राम मात्र हिरव्या अक्षरात सांगतोय, 'काम पूर्ण, चूक नाही.' आणि गंमत बघा, शुक्रवारी तीच यादी रिकामी. त्याने नोंदी उकरल्या. रोज दुपारी एक ते दोन, सगळे जेवायला गेलेले असताना, चाळीस-चाळीस लेख चढलेले, आणि प्रत्येकापुढे नाव ताईंचं.

हं! आता कसं सगळं जुळलं. सोमवारी बाई निम्मे लेख दाबून ठेवतात आणि आठवडाभर हाताने चढवतात. का? तर आपल्यावाचून अडतं असं दिसावं, नोकरी टिकावी. वर पहिल्याच दिवशी येऊन आपणच तक्रार केली. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! त्याने घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनाच विचारा ना एकदा." "चोराला विचारून चोरी पकडतात का कोणी?" असं म्हणून याने नोंदींचे कागद छापले आणि शनिवारी संपादकबाईंपुढे ठेवले. बाईंनी ताईंचा पासवर्ड बंद केला. "चौकशी होईपर्यंत घरीच थांबा," म्हणाल्या. ताई एक शब्द बोलल्या नाहीत. डब्याची पिशवी उचलली आणि गेल्या. न बोलणं म्हणजे कबुलीच, असं याने ठरवून टाकलं.

सोमवारी याने स्वतः बटण दाबलं. चारशे लेख. खुर्चीवरून हलला नाही, पाणीसुद्धा प्यायला नाही. हिरवी अक्षरं आली, 'काम पूर्ण.' यादी उघडली, तर दोनशे शिल्लक.

अरेच्चा! जाताजाता बाई काही करून गेल्या की काय? त्याने सगळे पासवर्ड बदलले, दार लावून घेतलं आणि पुन्हा बटण दाबलं. आता शंभर उरले. पुन्हा दाबलं, पन्नास. पुन्हा, तेव्हा कुठे शून्य. मग त्याने पहिल्या खेपेला उरलेल्यांचे क्रमांक काढले. एक्कावन्न ते शंभर, एकशे एक्कावन्न ते दोनशे, पुढेही तसंच. एक गठ्ठा चढलेला, एक सुटलेला. बसल्याजागी इतकं मोजून मापून कोणता माणूस लबाडी करेल?

आणि मग त्याला दिसलं. तिकिटाच्या खिडकीपुढची रांग घ्या. पहिले पन्नास जण तिकीट घेऊन गेले की मागचे पुढे सरकतात, एक्कावन्नावा पहिला होतो. याचा प्रोग्राम मात्र पुन्हा एक्कावन्नाव्या जागेपासून मोजायला लागायचा. पुढे सरकलेले पन्नास तसेच उभे. चाळीस लेखांवर तपासताना दुसरा गठ्ठा कधी आलाच नव्हता, मग चूक दिसणार कशी? प्रोग्राममधली ती चुकीची ओळ त्याने स्वतःच्या हाताने लिहिली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो तसाच संपादकबाईंकडे गेला. "चूक माझी आहे. ताईंचा काही दोष नाही."

"मग त्या नोंदींत तिचं नाव कसं?" बाईंनी तिथूनच ताईंना फोन लावला.

"उरलेले मी हाताने चढवत होते," ताई फोनवर म्हणाल्या. "रोज चाळीस, डबा खाता खाता. त्यांना सांगितलं तर ते माझ्यावरच घसरले. तुम्हाला सांगितलं असतं तर त्यांना बोलणी बसली असती. म्हटलं, राबराब राबतोय माणूस, जाऊ दे."

शंकासुराला खाली बघवेना, वर बघवेना.

त्याने ती ओळ दुरुस्त केली. पुढच्या सोमवारी ताई आल्या. तो दारातच उभा होता. "ताई, चुकलं माझं. माफ करा." त्यांनी मान हलवली, पण एक अट घातली. बटण दाबताना त्याने शेजारी बसायचं.

तो बसला. चारशे लेख. ताईंनी बटण दाबलं, आणि यादी एका दमात रिकामी झाली. तो हसला. ताई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक कोरी वही काढली, तारीख टाकली आणि खाली लिहिलं, 'चारशे टाकले, चारशे चढले. बटणाशिवाय मी कशालाही हात लावलेला नाही.' वही त्याच्यापुढे सरकवली. "सही करा."

"ताई, अहो, आता याची काय गरज?"

"तुम्हाला नसेल. मला आहे."

त्याने सही केली. ताईंनी चष्मा लावून ती नीट तपासून पाहिली आणि मगच वही मिटली.