मधल्या बेअरिंगचा अडसर

लंडनच्या पिनर भागातल्या डॉ. श्रीकांत टिपणीसांचा स्वतःवरचा विश्वास अर्धा वाटून टाकला असता तरी सगळ्या रस्त्याला पुरून उरला असता. उभं आयुष्य त्यांनी इंग्लंडातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांचे खुबे आणि गुडघे बदलले. आपण बसवलेला सांधा कुरकुरत नाही, असं ते छातीठोकपणे सांगत. वैताग असा, की ते खरंही असे. मग उजव्या हाताला किंचित कंप सुटला. दुसऱ्या कोणाच्या लक्षात यायच्या आत तो त्यांच्याच लक्षात आला आणि त्यांनी आपणहून ऑपरेशनं थांबवली. निरोपाच्या पार्टीत भाषण ठणठणीत केलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजचं दार उघडलं आणि वर्षानुवर्षं धूळ खात पडलेल्या १९५८ सालच्या मॉरिस मायनर गाडीचं इंजिन खाली उतरवायला घेतलं.

घरात हे कोणालाच पसंत नव्हतं. सुप्रभाताईंची सगळी नोकरी हॅरोच्या फार्मसीत गेली होती, आणि त्यांना आता स्टेशनजवळ आटोपशीर फ्लॅट हवा होता. त्याला गॅरेज नसेल हेही त्यांनी सांगून टाकलं होतं. मुलगा गंधार इथेच जन्मलेला, बोलायला गोड, पण आईच्या बाजूचा. त्याने इल्फर्डचं एक गिऱ्हाईकही शोधून काढलं. तो माणूस रविवारी येणार होता. त्याला मोडकी गाडी तशीच उचलून न्यायची होती.

"बाबा, संडेपर्यंत ते इंजिन फिरला नाही तर लेट इट गो," गंधार म्हणाला. "हात असा असताना कशाला उगाच?"

हाताचं नाव निघालं आणि श्रीकांतरावांच्या डोक्यात तिडीक गेली. ठीक आहे, ते म्हणाले, रविवारपर्यंत हाताने फिरलं नाही तर विकून टाकू. बोलून गेले खरे, पण पैज गाडीपुरती नाही हे त्यांना पक्कं कळत होतं. इंजिन फिरलं नाही तर हात गेले, हेच घरात सगळ्यांनी धरलं असतं, आणि मग त्यांनाही तसंच धरून चालावं लागलं असतं.

शनिवारी सकाळी त्यांनी क्रँकशाफ्ट बसवला. इंजिनच्या पोटातला हा जाडजूड वाकडातिकडा दांडा या गाडीत तीन ठिकाणी टेकतो. प्रत्येक ठिकाणी खाली एक आणि वर एक अशी पातळ धातूची अर्धगोल वाटी, म्हणजे बेअरिंगचा शेल, आणि वरून लोखंडी कॅप. शेल आणि दांडा यांच्यात केसाहून कमी फट हवी, तिथे तेल खेळायचं असतं. दांडा स्लाऊच्या एका वर्कशॉपमध्ये घासून गुळगुळीत करून आणलेला, शेल कोरे. त्यांनी तिन्ही कॅप नेमून दिलेल्या जोराने आवळल्या आणि दांडा हाताने फिरवायला गेले. तो जागचा हलेना.

त्यांचा जुना दोस्त मोहन, भूलतज्ज्ञ, चहाला आला होता. भूल देण्याव्यतिरिक्त जगातल्या सगळ्या विषयांवर तो सल्ला देई. शेल ब्लेडने जरासा खरवडून टाक, आपोआप सैल होईल, असं त्याने सुचवलं. श्रीकांतरावांनी त्याला बिस्किटांची बशी दिली आणि गप्प बसवलं. खुबा अडकतो म्हणून कोणी तो तासत नाही, आधी तो कुठे अडकतो ते बघतात.

तेच त्यांनी केलं. पुढची कॅप सैल केली: फरक नाही. ती आवळून मागची सैल केली: तरी नाही. मधली सैल केली आणि दांडा लोण्यातून सुरी जावी तसा फिरला. आता मधेच अडतंय म्हटल्यावर पहिला संशय दांडाच वाकल्याचा येतो, आणि दांडा वाकला असेल तर खेळ संपला. पण पेशंटची तपासणी केल्याशिवाय श्रीकांतरावांनी कधी निदान केलं नव्हतं. त्यांनी मधले दोन्ही शेल काढले, दांडा दोन टोकांवर टेकवला, मध्यावर घड्याळासारखं माप लावलं आणि हळूहळू फिरवला. काटा जागचा ढळला नाही. दांडा सरळ होता.

मग त्यांनी खालचा शेल जागेवर बसवला, दांड्यावर प्लॅस्टिकची मेणासारखी बारीक तार ठेवली, वरच्या शेलसकट मधली कॅप आवळली आणि परत उघडली. फट जितकी कमी तितकी ती तार जास्त चपटी होते. ही तार सगळीकडे हवी तशीच दबली होती, फक्त एके ठिकाणी पार पापडासारखी झाली होती. म्हणजे शेलच्या पाठीमागे काहीतरी होतं.

हे अशक्य होतं. प्रत्येक कॅप त्यांनी स्वतः धुऊन, तेलाचा हात फिरवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवली होती. ऑपरेशन थिएटरचा नियम त्यांच्या हाडीमाशी मुरलेला: एकदा निर्जंतुक करून बांधलेलं उघडलं की थेट वापरायचं, पुन्हा पुसायचं नाही. तसंच त्यांनी केलं होतं. त्यांनी कॅपमधला शेल काढला. कॅपच्या पोटात बोटाच्या पेराएवढा तपकिरी, वाळून कडक झालेला डाग होता. जुन्या लोखंडाचा असावा म्हणून त्यांनी पांढऱ्या फडक्याने चोळला. फडक्यावर पिवळं उमटलं, आणि त्या पिवळ्यात लाल. नाकाशी नेलं तर इंजिन ऑइलमधूनही हळदीचा वास येत होता.

घरात हळदीकुंकवाची कुयरी एकाच व्यक्तीच्या हाती असे. मोहनला वाटेला लावून श्रीकांतरावांनी सुप्रभाताईंना गॅरेजमध्ये बोलावलं. फडकं पुढे धरलं. त्यांना रागवायचं होतं, तयारीही होती. एक बोटभर हळदीकुंकवाने उद्या गाडी गेली असती.

सुप्रभाताईंनी नाकारलं नाही. दसऱ्याला आपणच पिशवीची गाठ सोडून लावलं आणि परत बांधून ठेवलं, असं त्यांनी सरळ सांगितलं. बाकीच्या पिशव्या हाताला आल्या नाहीत, ही पुढ्यात होती.

"तुला तर गाडी नको आहे," श्रीकांतराव म्हणाले. "मग पूजा कसली केलीस?"

"गाडी अजूनही नकोच आहे मला. शोधा फ्लॅट." त्या थोडं थांबल्या. "अहो, दसऱ्याला शस्त्रांची पूजा करतात. तुमची शस्त्रं म्हणजे तुमचे हात. ऑपरेशनं सोडल्यापासून तुम्ही ते मला धरू देत नाही, त्यांना कुंकू कुठलं लावू देताय? म्हणून म्हटलं, ते रोज जिथे लागतात तिथे लावावं."

श्रीकांतरावांनी कॅप पुसली, बोट फिरवून पाहिली, शेल बसवला, तेल सोडलं आणि बोल्ट एकेक करून आवळले. पाना टकटक करून हवा तेवढा जोर आल्याचं सांगायचा, तेवढ्यावर ते थांबायचे. मग ते बाजूला झाले आणि तू फिरव म्हणाले. सुप्रभाताईंनी पदर खोचावा तशी कार्डिगनची बाही वर सारली आणि दोन बोटांनी दांड्याला ढकललं. तो गुपचूप फिरला, पूर्ण फेरा घेऊन परत जागेवर आला.

"इल्फर्डच्या माणसाला येऊ नको सांग, असं कळवते गंधारला," त्या म्हणाल्या.

"कळव. पण त्याआधी आत जा, कुयरी आण."

"आज काय दसरा आहे?"

"नसू दे."

त्या कुयरी घेऊन आल्या. श्रीकांतरावांनी तेलाने माखलेला उजवा हात दिव्याच्या उजेडात सुप्रभाताईंपुढे धरला. तो थरथरत होता, आणि त्यांनी तो मागे घेतला नाही.