गप्प बसणाऱ्या कोंबड्या पाहिजेत!

घरी कोंबड्या पाळल्या की अंडी साठतात, असं लोकांना वाटतं. अंडी कुठली साठतायत! ती सकाळी येतात आणि दुपारपर्यंत कुणाच्या तरी ताटात जातात. साठतात ते किस्से. हल्ली गल्लीत कुणीही भेटलं की "काय म्हणतायत कोंबड्या?" असं विचारतं आणि मी दळणाचा डबा तिथंच खाली ठेवून सुरू होते.

आधी घरची माणसं सांगते. आम्ही कसबा बावड्याच्या टोकाला, नव्या कॉलनीत राहतो. रो-हाऊस. भिंतीला भिंत, आणि मागं प्रत्येकाला अंगणाचा एक तुकडा. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क. नवरा संजय कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, फाउंड्रीत सुपरवायझर. आणि आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई. मामंजी गेल्यावर त्या चंदगडकडच्या गावी एकट्या राहायच्या. दोनदा चक्कर येऊन पडल्या, तेव्हा आम्ही त्यांना इकडं आणलं.

आणलं खरं, पण त्या आल्याच नाहीत! पिशवी पलंगाच्या पायाशी, भरलेली, चेन लावलेली. चार महिने! रोज सकाळी चहाच्या वेळी एकच प्रश्न, "चंदगडची यष्टी कितीला हाय गं?" मग दिवसभर तोंडातनं शब्द नाही. जेवण निम्म्यावर आलं. संजय ड्यूटीवरनं आला की दारातच माझ्याकडं बघायचा, आणि मी नकारार्थी मान हलवायची.

एकदा मी शेजारी बसून विचारलं, "आत्ती, तिकडं असं काय राहिलंय?"

त्या पदराचं टोक चाचपायला लागल्या. मग म्हणाल्या, "कोंबड्या. शेजारनीला दिऊन आलो. हितं सकाळी उठायचं, आन कुनाला दानं घालायचं?"

त्या रात्री आमच्या घरात ठराव पास झाला.

*

अडचण एकच होती. भिंतीपलीकडं कांबळे सर राहतात. रिटायर्ड हेडमास्तर. त्यांचं हार्टचं ऑपरेशन झालेलं, आणि डॉक्टरांनी दुपारी दोन ते चार सक्तीची झोप सांगितलेली. त्यांच्या बेडरूमची खिडकी नेमकी आमच्या मागच्या अंगणाला लागून. त्या वेळात पोस्टमनसुद्धा त्यांची बेल वाजवत नाही.

कॉलनीच्या मीटिंगला आम्ही विषय काढला. सर उठले. "माझा कोंबड्यांना विरोध नाही, आवाजाला आहे. एक महिना ठेवून बघा. पण माझी झोप एकदा जरी मोडली, तर कोंबड्या गेल्या पाहिजेत." सगळ्यांनी माना डोलावल्या. कोंबडा तर अजिबातच नको, असंही ठरलं.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या घरच्या इंजिनिअर साहेबांनी हात वर केला. "पण कोंबडाच नसला, तर अंडी येणार कशी?"

बऱ्याच जणांना खरंच माहीत नव्हतं! तेवढ्यात मागच्या खुर्चीवरनं आवाज आला, "न्हवरा गावाला गेला, म्हणून बाई भाकरी करायची थांबती व्हय?"

आत्ती! चार महिन्यांनी, आणि तेही भर सभेत! सगळ्यात आधी सरच हसले. संजयनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

*

मग गप्प बसणाऱ्या कोंबड्यांचा शोध सुरू झाला. कागलच्या रस्त्याला एक पोल्ट्रीवाला आहे. त्याला म्हटलं, शांत स्वभावाच्या दाखवा. त्यानं आधी आम्हाला नीट बघून घेतलं, आणि मग सांगितलं, "गावरान नगो, ती बडबडी. पांढरी लेगहॉर्न तर बघूच नका, पान हाललं तरी गाव गोळा करती. ह्या काळ्या ऑस्ट्रलॉर्प न्या. अंगानं जड हाईत, निवांत असत्यात."

संजयनं मोबाईल काढला. फाउंड्रीत आवाज मोजायला त्याच्याकडं एक ॲप आहे. तो एकेका कोंबडीच्या चोचीपुढं मोबाईल धरायला लागला. "ही साठ. ही पंच्याहत्तर. ही रिजेक्ट!"

पोल्ट्रीवाला कमरेवर हात ठेवून बघत होता. शेवटी त्याला राहवेना. "पावणं, कोंबडी घ्यायला आलाय का ट्रकचा हॉर्न?"

आत्तींची पद्धत वेगळी. कोंबडी काखेत घ्यायची, पाठीवर हात ठेवायचा आणि थांबायचं. "जी दोनदा कुरकुरून गप बसती, ती आपली. जी वरडतच ऱ्हाती, ती जन्मभर वरडती." अशा तीन त्यांनी निवडल्या.

चौथी संजयनं निवडली. "आई, ही बघ! रीडिंगच येत न्हाय!"

आत्तींनी तिचा तुरा निरखून बघितला. "मला हे कायतर येगळंच दिसतंय. सोड ते."

"आई, मशीन खोटं बोलत न्हाय!"

घरी येईपर्यंत त्यानं तिचं नावही ठेवलं, सायलेन्सर.

*

तिसऱ्या आठवड्यात, सकाळी सहाला, सायलेन्सर आरवला.

पहिल्यांदा गळा बसल्यासारखा. मग खणखणीत! संजय गादीवरनं उडाला आणि तसाच मागच्या दारानं धावला. मी खिडकीतनं बघितलं, तर नवरा कोंबड्याला पोटाशी धरून, त्याच्यावर स्वतःचा बनियन गुंडाळून उभा. आत्ती शांतपणे दाणे टाकत म्हणाल्या, "त्यो काय मी घेतल्याला न्हाय."

आठ वाजता सर फाटकाशी आले. "सकाळी कोंबडा आरवल्यासारखं वाटलं."

"अलार्म हाय सर," संजय म्हणाला. "मोबाईलचा."

"अस्सं? फारच हुबेहूब आहे हो. मला पाठवा की!"

झालं! कामावर जायचं सोडून संजय अर्धा तास मोबाईलवर कोंबड्याचे आवाज शोधत बसला, आणि एक बरा बघून सरांना पाठवला. दुसऱ्या दिवशी सहाला दोन्ही घरांत कोंबडा आरवला. आमच्यात खरा, आणि त्यांच्यात संजयनं पाठवलेला! सर गॅलरीतनं म्हणाले, "तुमच्या मोबाईलचा स्पीकर चांगला दिसतोय!"

त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, हे मी अजून विचारलेलं नाही.

*

सायलेन्सरला गावी पोचवायचं ठरलं. आत्ती म्हणाल्या, "मीच घिऊन जातो." आणि पलंगाच्या पायाशी ठेवलेली ती भरलेली पिशवी त्यांनी उचलली.

संजय सोबत जाणार होता, पण परत येताना तो एकटाच आला तर? आईला काय ओढून आणणार? डब्यात चटणी-भाकरी बांधून दिली.

एसटीतला किस्सा संजयनं फोनवर सांगितला. कंडक्टरनं टोपलीकडं बघून विचारलं, "आजी, ह्याचं तिकीट?"

"अर्धं फाड," आत्ती म्हणाल्या. "बारीक हाय अजून."

आणि तो बहाद्दर चंदगडपर्यंत तोंडातनं चकार शब्द न काढता बसला होता म्हणे!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फाटकाशी येरझाऱ्या घालत होते. वळणावर रिक्षा थांबली. आधी संजय उतरला. मग बराच वेळ कुणीच उतरेना. मग एक हिरवं लुगडं दिसलं आणि मी फाटक सताड उघडलं.

आत्ती माझ्याशी न बोलता थेट मागं गेल्या. "पानी बदललं न्हाईस व्हय गं ह्यांचं?" एवढं ओरडल्या मात्र! मग घरात आल्या, पिशवीची चेन उघडली, लुगडी काढून कपाटात रचली, आणि रिकामी पिशवी मला दिली. "भाजीला हुईल."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी एसटीची चौकशी झाली नाही. मी आणि संजय वाट बघत बसलो. चहा गार झाला, पण प्रश्न काही आला नाही.

*

तीन कोंबड्या राहिल्या. अंडी घालायला लागल्यावर जरा धास्ती होती, कारण अंडं घातलं की कोंबडी जगाला ओरडून सांगते. आत्तींनी लांबच्या कोपऱ्यात अंधारं खोकं ठेवलं, भुसा घातला. अंडी बहुतेक सकाळीच यायची. एखादी दुपारी खोक्यात शिरली, की आत्ती तिच्या पाठीवर हात ठेवून बसायच्या. "गप. सर झोपल्यात."

महिना भरला त्या दिवशी सर काठी टेकत आले. चेहरा गंभीर. आम्ही दोघं उभेच राहिलो. ते म्हणाले, "एक विचारू? कोंबड्या आहेत ना अजून?"

त्यांना मागं नेलं. तिघी मातीत पंख पसरून डोळे मिटून पडलेल्या.

"चौतीस वर्षं शिकवलं," ते म्हणाले. "एक वर्ग असा बसला नाही!"

*

आता शेवटचा. मागच्याच महिन्यातला.

मी शाळेत होते, संजय ड्यूटीवर. दुपारचे अडीच. आत्ती मागच्या धुण्याच्या दगडापाशी घसरल्या. मनगट अंगाखाली आलं, डोकं भिंतीला लागलं. हाक मारायला आवाजच फुटेना. आणि त्या तीन कोंबड्या, ज्यांनी कधी शेजाऱ्याला ऐकू जाईल असा आवाज काढला नव्हता, त्या एकदम कालवा करायला लागल्या!

सरांनी आधी कानावर उशी घेतली. मग खिडकी लावली. कालवा थांबेना. तेव्हा ते रागानं उठले, काठी घेतली आणि आमची बेल वाजवली. एकदा, दोनदा, तीनदा. कुणी दार उघडेना. मग परत घरी जाऊन, स्टुलावर चढून भिंतीवरनं डोकावले. हार्टचं ऑपरेशन झालेला माणूस!

मला फोन आला तेव्हा ते गल्लीतल्या पोरांच्या मदतीनं आत्तींना रिक्षात घालून निघाले होते. मी धापा टाकत दवाखान्यात पोचले. आत्तींच्या हाताला प्लास्टर घालत होते. डॉक्टर म्हणाले, "मनगट मोडलंय, भरून येईल. डोक्याला काही नाही. लवकर आणलंत, बरं झालं." मी बाकावर बसले. आत्ती आतनं म्हणाल्या, "सरांस्नी आधी चा पाज. झोपेतनं उठून आल्यात."

सर कॉरिडॉरमध्ये उभे होते. अंगात घरचा लेंगा, पाय अनवाणी. मी हात जोडले, तर ते दुसरीकडंच बघायला लागले.

फॉर्मवर सही करायला मी काउंटरवर गेले. तिथली सिस्टर हसू दाबत होती. तिनं फॉर्म माझ्याकडं सरकवला. "मॅडम, तेवढं हे बदलून देता का? मी काकांना विचारलं, तुम्ही पेशंटचे कोण? ते इतके घाबरले होते, की त्यांनी सांगितलं ते मी तसंच लिहिलं."

मी बघितलं. 'पेशंटशी नातं' पुढं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'तक्रारदार'.