मोकळा ठेवलेला सोळावा ट्रॅक

मी इन्स्ट्रुमेंटेशनवाला माणूस. मीटरचा काटा हलला की त्यामागे कारण असतंच, आणि ते शोधून काढायचाच मला पगार मिळतो. त्यामुळे कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं की मी सरळ चहा मागवायचो. आजही मागवतो. पण एका काट्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही... तेवढं इथे लिहून टाकतो.

गोष्ट बडोद्याची. आम्ही प्रतापनगरला राहायचो. घरच्या घरी कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करायचं वेड तेव्हा नुकतंच आलं होतं. डबा मॉनिटर, एक कीबोर्ड, दोन स्पीकर आणि शिफ्ट नसेल तेव्हा मी. त्या खोलीला मी स्टुडिओ म्हणायचो. माझी बायको स्मिता अडगळ म्हणायची.

माझ्या रेकॉर्डिंगला ढोलक वाजवायचे शिर्केकाका. माझ्या वडिलांबरोबर ते रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते, रिटायर झाल्यावर शहराच्या दुसऱ्या टोकाला, छाणीला मुलाकडे राहायला गेले. लेथवर त्यांच्या उजव्या तर्जनीचं पेर गेलं होतं, त्यामुळे ठेक्यातला चौथा ठोका जरा मागे रेंगाळून पडायचा. हात कुणाचा, ते भिंतीपलीकडूनही कळायचं. त्यांच्या भजनी मंडळाची एक रीत होती — सतरंजीवर एक जागा आणि टाळांची एक जोडी कायम मोकळी ठेवायची. शिफ्ट संपवून कुणी उशिरा आला तर ‘कुठे बसू?’ असं विचारायची पाळी त्याच्यावर येऊ नये, म्हणून.

मग माझ्या हाती एक सॉफ्टवेअर लागलं. त्यात ड्रमसेट, ढोल, ढोलक सगळं तयार. नवशिके ते सगळं एकाच ट्रॅकमध्ये कोंबतात आणि मग ढोल वाढवला की झांजही बोंबलते. मी शिस्तीचा. किकला वेगळा ट्रॅक, स्नेअरला वेगळा, ढोलाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या, आणि मग ते सगळे एका ग्रुपमधून मास्टरला, म्हणजे स्पीकरकडे जाणाऱ्या मुख्य वाटेला, जोडलेले. असे पंधरा ट्रॅक. सोळावा मात्र मंडळाच्या सवयीने मोकळा. त्याला इनपुट नाही, आउटपुट नाही. नावच ‘मोकळा’.

आणि मी काकांना म्हणालो, “काका, आता छाणीहून इतक्या लांब येत जाऊ नका. सगळं यातच आहे.”

काका हसले. “सारू ने बेटा, माझी दगदग वाचली. चल, आवजो.”

त्यांच्या सोयीसाठी बोललो, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्यांच्या त्या रेंगाळत्या चौथ्या ठोक्यामुळे पुन्हा पुन्हा टेक घ्यायचा मला कंटाळा आला होता. ते वर्षभर फिरकले नाहीत. मीही फोन करीन करीन म्हणत केला नाही. लाज वाटायची, दुसरं काय.

नवरात्राच्या आधीची एक सकाळ. अकरा वाजले असतील. एका सोसायटीच्या गरब्याचं काम चालू होतं. गाणं थांबवून मी पाणी प्यायलो, मॉनिटरकडे पाहिलं, तर सोळाव्या ट्रॅकचा मीटर हलत होता. हिरवी पट्टी वर... खाली... वर. बाकी पंधरा गप्प. म्हटलं, केबल ढिली असेल. कीबोर्ड बंद केला, माइकची वायर काढली. पट्टी चालूच. शेवटी त्या ट्रॅकचं आउटपुट मास्टरला जोडलं आणि आवाज वाढवला.

तीन ठोके. मग जरा रेंगाळून चौथा.

आवाज ढोलकाचा नव्हता, पोकळ, प्लास्टिकवर मारल्यासारखा होता. पण हात तोच. स्मिता स्वयंपाकघरातून म्हणाली, “अय्या, शिर्केकाका आलेत?”

तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कारण ठेका हळूहळू मंदावत होता, आणि काका लय सोडणाऱ्यातले नव्हते.

मी छाणीला फोन लावला. रिंग नुसती वाजत राहिली. भाजी आणायला गेले असतील, असं म्हणता आलं असतं. स्मिताने स्कूटरची किल्ली माझ्या हातात ठेवली. “आधी जा. हसं झालं तर होऊ दे.”

छाणीला दाराला कडी नव्हती, लॅच होतं. बेल वाजवली तर शेजारच्या मंजुबेन बाहेर आल्या. “छोकराओ तो नोकरीए गया. काका घरमां ज छे, पण सवारथी देखाया नथी.” सकाळपासून काका दिसलेच नव्हते म्हटल्यावर त्यांनी आपल्याकडची जादा किल्ली आणली. आत शिरलो आणि न्हाणीघराकडून आवाज आला. टप्... टप्...

काका ओल्या फरशीवर पडले होते. खुब्याचं हाड मोडलेलं, चेहरा पांढराफटक. उजवा हात उलट्या बादलीवर. मला पाहिलं आणि हात थांबला.

त्यांना डायबेटीस होता. सकाळी औषध घेतलं होतं आणि पोटात काही नव्हतं. साखर इतकी उतरली होती, की मुलगा संध्याकाळी येईपर्यंत वाट पाहिली असती तर काका हाती लागले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

चार दिवसांनी मी त्यांना सगळं सांगितलं. माफीही मागितली, रडलोसुद्धा. काका म्हणाले, “ओरडून घसा बसला रे. म्हटलं, हात तर चालतोय. नवरात्र जवळ आलंय, तुझं काम चालू असेल, असं मनात आलं खरं... आणि वाजवत बसलो.”

घरी येऊन मी ती फाइल उघडली. सोळाव्या ट्रॅकवर काहीच नव्हतं. मी रेकॉर्डचं बटण दाबलं नव्हतं, तर असणार कसं? वायरिंग तपासलं, दोन जाणकार मित्रांना दाखवलं. प्रतापनगर ते छाणी — मध्ये अख्खं शहर. त्या बादलीचा आवाज शेजारच्या मंजुबेनलाही ऐकू गेला नव्हता.

काका त्यानंतर सात वर्षं होते. खुर्चीत बसून माझ्याकडे ढोलक वाजवायचे, चुकायचे, आणि मी आनंदाने पुन्हा टेक घ्यायचो. ती सात वर्षं मला कुणी दिली, ठाऊक नाही. ज्याने दिली त्याचे आभार कुठे मानायचे हेही कळत नाही, म्हणून इथे मानतो.

तो मीटर पुन्हा कधी हलला नाही. काका गेले त्या दिवशीही नाही. मी दिवसभर समोर बसून होतो. सोळावा ट्रॅक आजही मोकळाच ठेवतो. फक्त आता त्याचं आउटपुट मास्टरला जोडलेलं असतं.