कपाशीतला पाढा
आज बारा नोव्हेंबर. गादी उसवून कापूस उन्हात टाकला आणि त्या वासासरशी विदर्भातल्या सिंदी गावाजवळचं एक शेत आठवलं. चोपन्न साली मी तिथल्या शाळेत नवी बाई होते. पटपडताळणीच्या वेळी हेडमास्तर म्हणाले, "चौथीतली एक मुलगी कापूस वेचायला जाते म्हणतात. पाहून या, खरं असेल तर नाव कमी करा." मी गेले. कपाशीत बायका कमरेला ओट्या बांधून वेचत होत्या. पुढे ती मुलगी खणखणीत आवाजात सतराचा पाढा म्हणत होती आणि मागे साऱ्या बायका, तिच्या म्हाताऱ्या आजीसकट, बोंडाला हात घालत तोच पाढा एका सुरात म्हणत होत्या. कोणी चुकत नव्हतं. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभीच राहिले. तिची आई जवळ आली. "नाव कापाले आल्या काय, बाई? वेचणी सरली का येते पोरगी. शाळेतलं सारं थे आमाले शिकवते. तिची शाळा सुटली त आमचीबी सुटली." तसा वर्ग मला पुढे साऱ्या नोकरीत दिसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पटावर तिच्या नावापुढे 'वेचणीपुरती गैरहजर' असं लिहिलं आणि शाळा भरण्याआधी धुऱ्यावर जाऊन सगळ्यांना पावकी, म्हणजे पावाचा पाढा, शिकवायला घेतली. कापूस तोलताना ती लागतेच.