हिरव्या बाह्या

धोंडाबाईला सोल्डरच्या धुरात चित्रं दिसायची. तापलेली कांडी टेकली की निळसर धूर वर चढायचा. त्यात कधी मुळशीच्या पाण्यावरचं धुकं असायचं, कधी त्यातून निघालेली होडी. भूगावच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रान्झिस्टर रेडिओ बनत. पलीकडं एखादा रेडिओ तपासायला लावला आणि खरखरीतून गाणं तरंगत आलं, की तिला वाटायचं, हे माझ्याच हातातनं निघालंय.

साल चौऱ्याऐंशीचं. नवरा गेल्यापासून गावात हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावत नसे. इथं मात्र सारजाबाई आणि गुलशनच्या मधलं स्टूल तिचं होतं. डबा एकत्र, चेष्टा एकत्र.

मग एक दिवस गुलशनच्या बांगडीत तार अडकली आणि रेडिओच्या भागांची जोडलेली पट्टी खाली पडून फुटली. पुण्याहून येणारे सुपरवायझर नाकातून बोलत. "हे बघा, हे असं चालायचं नाही हं. उद्यापासून मनगटं मोकळी. जमत नसेल त्यांनी येऊ नये. धोंडाबाईंकडे बघा. किती सुटसुटीत हात!"

धोंडाबाईनं हात टेबलाखाली घेतले.

साहेबांची पाठ वळताच सारजाबाईनं पदर नाकाला लावला. "सुटसुटीत हं! सुटसुटीत!" बाया खुदखुदल्या. मग तिचा खरा आवाज फुटला. "नवरा जित्ता हाय माजा. बांगड्या काडून घरी कंचं तोंड दावू?"

"माजी सासू उंबऱ्यातच उभी करंल," गुलशन म्हणाली. "मी न्हाई येत उद्या."

"धोंडे, तुजं बरं हाय. तुला कोन काय म्हननार?" सारजाबाई बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

घरी जाताना धोंडाबाईला उद्याची शेड दिसत होती. लांबच लांब टेबल, रिकामी स्टुलं आणि मधे ती एकटी. कोपरानं ढोसायलाही कुणी नाही. भातलावणीला बाया बांगड्या वर सारून त्यावर फडकं गुंडाळायच्या, ते तिला वाटेतच आठवलं. पेटीच्या तळाशी तिचं लग्नातलं हिरवं लुगडं होतं. आता ते नेसायचं कुठं? तिनं कात्री लावली.

रात्रीच तिनं निरोप धाडला होता, म्हणून गुलशनही आली. सकाळी शेडच्या दारातच धोंडाबाईनं नाडी ओवलेल्या बाह्या सगळ्यांच्या हातांत चढवल्या. बांगड्या आत गडप. साहेबांनी सारजाबाईच्या मनगटावरून तार ओढून पाहिली. अडकली नाही.

"हं. चालेल. पण सगळ्यांनी घालायच्या. एकीला आहे, दुसरीला नाही, असं नको. शिस्त हं!"

"मला कशाला?" धोंडाबाई मागं सरली. स्वतःसाठी तिनं शिवल्याच नव्हत्या.

"कापड उरलंय का?" गुलशननं विचारलं.

"पदराचा तुकडा हाय. पन हिरवा रंग, गं. गावात कुनी बगितलं तर?"

"सांग, कंपनीचा नेम हाय," सारजाबाई म्हणाली. "नाकातनं सांग."

गुलशननं तिथंच चार टाके घातले. सारजाबाईनं धोंडाबाईचा हात धरला आणि बाही मनगटापासून कोपरापर्यंत ओढली, अगदी सावकाश. दुसरीही. धोंडाबाई हाताकडं बघतच राहिली.

संध्याकाळी सगळ्यांनी बाह्या काढून खुंटीला अडकवल्या. धोंडाबाई मात्र एसटीच्या थांब्यापर्यंत तशीच चालत गेली.